लांब पल्ल्याच्या पायवाटांवरचं रोजचं जगणं: तुमचे अनुभव सांगा

दोन-तीन दिवसांचे ट्रेक केलेले आपल्यात पुष्कळ आहेत. महिनोन्‌महिने एकच वाट चालत राहणं हे प्रकरण मात्र वेगळं. अमेरिकेतली ॲपलेशियन ट्रेल सुमारे ३५०० किलोमीटर, पॅसिफिक क्रेस्ट सुमारे ४२६५, न्यूझीलंडची ते अरारोआ सुमारे ३०००. इतकं चालणाऱ्यांचे शिखरावरचे फोटो सगळीकडे दिसतात, पण मोजे कुठे वाळवले, पोट बिघडलं तेव्हा काय केलं, जोडीदाराशी भांडण झाल्यावर तंबूत कोण झोपलं, हे कुणी सांगत नाही. ज्यांनी अशी एखादी वाट पूर्ण किंवा तुकड्या-तुकड्याने चालली आहे, त्यांनी इथे लिहावं. सूर्योदयाची वर्णनं नकोत, ती दुसरीकडे भरपूर आहेत. आणि कृपया 'निसर्गाने मला काय शिकवलं' हेही नको.

* * *

पायांपासून सुरू करते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

रोज २५-३० किलोमीटर चालणं सुरू झालं की पाय सुजतात आणि काही आठवड्यांत पसरतातही. म्हणून बूट नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा घ्यावा, आणि घालून बघायला संध्याकाळी जावं. घोट्यापर्यंतचे जाडजूड बूट लांब वाटांवर आता कमीच दिसतात. बहुतेक जण ट्रेल रनिंगचे हलके बूट घालतात. ते पटकन भिजतात, पण पटकन वाळतातही. वॉटरप्रूफ बुटात वरून एकदा पाणी शिरलं की ते बाहेर पडायचं नाव घेत नाही. हलक्या बुटाचा तोटा एवढाच की ५०० ते ८०० किलोमीटरमध्ये तो संपतो. म्हणजे ॲपलेशियनसारख्या वाटेला चार ते सात जोड लागणार, तो खर्च आधीच धरून ठेवा.

फोड अचानक येत नाही. आधी एक जागा गरम लागते, चुरचुरते. तिथल्या तिथे थांबायचं. 'हा चढ संपू दे, मग बघू' म्हणणाऱ्यांचे पाय मी संध्याकाळी पाहिले आहेत. बूट-मोजा काढा, वाळूचा कण असेल तर झटका, पाय कोरडा होऊ द्या आणि ल्युकोटेप (घट्ट चिकटणारी वैद्यकीय पट्टी) लावा. टेपचे कोपरे कात्रीने गोल करून घ्यायचे, कारण टोकदार कोपरा मोज्याला घासून उचकटतो आणि पंधरा मिनिटांत सगळी पट्टी गोळा होऊन बोटांत अडकते. अख्खं रीळ नेत नाही मी. गुळगुळीत कागदावर पट्ट्या चिकटवून, तो घडी करून औषधांच्या पिशवीत ठेवते.

दुपारच्या थांब्याला पाय उघडे ठेवायचे. मोज्यांचे दोन जोड चालायला, तिसरा फक्त झोपायला, आणि तो तिसरा जोड आभाळ कोसळलं तरी तंबूबाहेर जाणार नाही. नखं आखूड ठेवा. उतारावर अंगठ्याचं नख काळं पडतं त्यामागे लांब नख किंवा ढिली लेस, दोघांपैकी एक असतंच.

* * *

ताईंचं तिसऱ्या मोज्याचं बोलणं सोळा आणे खरं. मी वजनाबद्दल लिहितो. साठी ओलांडली आहे, तेव्हा गुडघ्यांशी वाटाघाटी करतच चालावं लागतं.

अन्न, पाणी आणि इंधन सोडून सॅकमधल्या सगळ्याचं वजन म्हणजे बेस वेट. ते साडेचार किलोच्या खाली असेल तर अल्ट्रालाइट आणि नऊच्या खाली असेल तर लाइटवेट म्हणतात. माझी पद्धत सोपी आहे: स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत्येक वस्तू ठेवायची आणि ग्रॅम लिहायचे, उतरत्या क्रमाने. वर कायम तीच तीन नावं येतात: तंबू, झोपायचं सामान आणि खुद्द सॅक. लोक टूथब्रशचा दांडा कापतात आणि सव्वादोन किलोची रिकामी सॅक मिरवतात, याची मला मोठी गंमत वाटते.

एमा गेटवुड नावाच्या बाई १९५५ मध्ये, वयाच्या ६७व्या वर्षी, एकट्या ॲपलेशियन ट्रेल चालल्या. पायात कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली डेनिमची पिशवी, पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. तंबू नाही, स्लीपिंग बॅगही नाही. त्यांची नक्कल करू नये. पांघरुणात काटकसर करून वजन वाचवणं म्हणजे जिवाशी खेळ. पण दुकानात उभं राहून तिसरं जॅकेट हातात घेताना या बाई जरूर आठवाव्यात.

काठ्या मात्र दोन घ्याच. उतारावर गुडघ्यांवरचा भार हलका होतो, आणि माझ्या तंबूचे खांबही त्याच.

* * *

किती वेळ लागेल याचा अंदाज कसा काढता, असं एकाने खासगीत विचारलं, म्हणून इथेच लिहितो. १८९२ मधला नेस्मिथचा नियम अजून चालतो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. यात थांबे नाहीत, जड सॅक नाही, चिखल नाही. मी त्यावर तिसरा हिस्सा वाढवतो.

पहिले दोन आठवडे अंगात रग असली तरी १५ किलोमीटरच्या आसपासच राहावं. दम आणि स्नायू लवकर तयार होतात, पण हाडं आणि स्नायुबंध मागे राहतात. नडगी दुखून बसलेले लोक बहुतेक सुरुवातीला सुसाट सुटलेलेच असतात.

* * *

खाण्यावर कुणी लिहिलं नाही अजून? मग हा प्रांत माझा.

पहिला आठवडा भूकच लागत नाही. चढ आणि दमणूक इतकी की घास उतरत नाही. मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जी भूक लागते तिला काही अंत नसतो. जेवून भांडं खाली ठेवेपर्यंत पोटात पुन्हा कावळे. दिवसभर सॅक घेऊन चढ-उतार करणाऱ्याला ४००० कॅलरी सहज लागतात आणि तेवढं पाठीवर वाहून नेणं शक्य नसतं, त्यामुळे सगळे थोडे-थोडे वाळत जातात.

म्हणून पाकिटामागचा तक्ता वाचायची सवय लावा. ग्रॅममागे चार कॅलरींच्या खालची वस्तू मुक्कामाच्या गावातच खाऊन संपवायची. तेलात ग्रॅममागे नऊ, दाणे-बदाम-अक्रोडात सहाच्या आसपास, कोरड्या नूडल्समध्ये साडेचारच्या आतबाहेर. मी ऑलिव्ह तेलाची छोटी प्लॅस्टिकची बाटली ठेवतो आणि जे शिजेल त्यात ओततो. झाकण घट्ट लावून ती वेगळ्या झिपच्या पिशवीत पुन्हा बंद करायची, हे तेलकट स्लीपिंग बॅगेत झोपलेल्या कुणालाही विचारा.

पाच दिवसांचं अन्न साडेतीन-चार किलो भरतं. घरून पुढच्या पोस्ट ऑफिसांच्या पत्त्यावर खोकी पाठवण्याची पद्धत आहे, पण सगळ्या प्रवासाची खोकी आधीच भरून ठेवू नका. एकच ओट्‌सचं पाकीट रोज खाल्लं की महिन्याभरात त्याच्या रंगानेही मळमळतं. वाटेवरच्या वसतिगृहांत एक खोकं ठेवलेलं असतं, ज्यात लोक नको असलेलं टाकतात आणि हवं ते उचलतात. त्यात ओट्‌सची पाकिटं नेहमी ढिगाने असतात. समजून घ्या.

अस्वलांच्या मुलखात अन्न तंबूत ठेवू नये, टूथपेस्टही नाही, कारण प्रश्न वासाचा असतो. पॅसिफिक क्रेस्टच्या वाटेवरच्या सिएरा नेवाडा या कॅलिफोर्नियातल्या पर्वतरांगेच्या काही भागांत अस्वलाला न उघडणारा कडक डबा सक्तीचाच आहे. जवळजवळ किलोभर वजन आणि सॅकमध्ये तो बसवणं ही रोजची कुस्ती, पण रात्री तंबूपासून दूर जमिनीवर ठेवला की काम झालं. दिवसा बसायला स्टूल म्हणूनही उपयोग होतो.

आणि मुक्कामाचा दिवस, ज्याला सगळे 'झीरो' म्हणतात, म्हणजे शून्य किलोमीटर चालण्याचा. आराम वगैरे काही नसतो. आधी चार्जिंग लावायचं, मग कपडे धुवायला. अंगावरचे सगळेच कपडे मशीनमध्ये गेल्यामुळे भर उन्हात पावसाळी जॅकेट आणि पावसाळी पँट घालून, आत काही नसताना, लोक लाँड्रीच्या बाकावर नूडल्सची पाकिटं फोडून पिशव्यांत भरत बसलेले दिसतात. कुणाला काही वाटत नाही.

* * *

पाणी आणि परसाकडे. कुणीतरी लिहायला हवं.

पोकळ तंतूंचे पिळायचे फिल्टर आता सगळ्यांकडे असतात. छिद्रं ०.१ मायक्रॉनची, त्यामुळे जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडकतात, विषाणू मात्र सुटतात. एकदा वापरलेला फिल्टर गोठला तर आतले तंतू फाटू शकतात, आणि बाहेरून बघून ते कळत नाही. थंड रात्री तो पिशवीत घालून स्लीपिंग बॅगेत घ्यावा. जोडीला क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या ठेवते. बऱ्याच जंतूंना अर्धा तास पुरतो, क्रिप्टोस्पोरिडियम या चिवट परजीवीसाठी चार तास थांबावं लागतं.

गर्दीच्या निवाऱ्यांत उलट्या-जुलाबांची साथ पसरते तेव्हा सगळे पाण्याला दोष देतात. पुष्कळदा गुन्हेगार नोरोव्हायरस असतो, आणि तो हातांवरून पसरतो. सॅनिटायझरला तो फारसा जुमानत नाही, साबण-पाणीच लागतं. आणि दुसऱ्याला दाणे देताना पिशवीत हात घालू देऊ नका, त्याच्या हातावर ओता.

खड्डा १५ ते २० सेंटिमीटर खोल, पाण्यापासून, वाटेपासून आणि तंबूपासून ६० मीटर तरी लांब. खुरपं वीस-तीस ग्रॅमचं मिळतं. वापरलेला कागद पुरू नका, जनावरं उकरतात. वेगळ्या पिशवीत परत न्या.

बायकांसाठी: पाळीत कप वापरणार असाल तर हात आणि कप धुण्यापुरतं गाळलेलं पाणी संध्याकाळीच बाजूला काढा, आणि घरी दोन-तीन महिने सवय झाल्याशिवाय कप वाटेवर नेऊ नका.

* * *

इतकं सगळं ऐकून विचारावंसं वाटतं, पावसाचं काय? (धागा मीच काढलाय, पण माझ्या गाठीशी काही आठवड्यांचंच चालणं आहे.)

* * *

पावसाचं असं की कोरडं राहता येत नाही, उबदार राहता येतं. जॅकेट कितीही महाग असो, चार तासांत बाहेरून पाऊस आणि आतून घाम. धोका कडाक्याच्या हिमात वाटतो तितका नसतो. शून्य ते दहा अंश, पाऊस आणि वारा, हे खरं वाईट त्रिकूट. सुती कपडा अंगावर नको. सोबतच्याला जॅकेटची चेन लावता येईना, शब्द जड येऊ लागले, पाय अडखळायला लागले तर पुढे रेटू नका. तिथेच तंबू लावा, ओलं उतरवा, पोटात गोड आणि गरम काहीतरी जाऊ द्या.

सॅकच्या वरच्या कव्हरवर माझा विश्वास नाही, पाणी पाठीकडून झिरपतं. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी, तिच्यात स्लीपिंग बॅग आणि झोपायचे कपडे, तोंड पिळून बंद. हे कोरडे कपडे सकाळी पुन्हा पिशवीत जातात आणि कालचे ओले अंगावर येतात. तो ओला, गार, वाळूने माखलेला मोजा पायावर ओढताना तोंडातून जे निघतं ते इथे लिहिण्याजोगं नाही. पाच-दहा मिनिटं चाललं की पाय गरम होतात.

* * *

आम्ही नवरा-बायको मिळून चालतो. भांडणाबद्दल विचारलं होतं म्हणून सांगते.

चाल वेगळी असते, हे मान्य केलं की निम्मी भांडणं संपतात. हा चढावर पुढे जातो, उतारावर मी. प्रत्येक फाट्यावर आणि पाण्यावर थांबायचं, हा एकच करार. वाटणी करताना तंबूचं कापड एकाकडे आणि खांब दुसऱ्याकडे असं कधीही करू नका. संध्याकाळी चुकामूक झाली तर दोघंही उघड्यावर. एकाकडे पूर्ण तंबू असेल तर दुसऱ्याकडे निदान ताडपत्री हवी, आणि नकाशा, दिवा, पाणी शुद्ध करायचं साधन, थोडं खाणं दोघांकडे स्वतंत्र.

घरी परत जायचं का, ही चर्चा ओल्या तंबूत आणि उपाशीपोटी बंद. खोलीत झोपून, दोन वेळा पोटभर जेवून मग करायची. तरीही जावंसं वाटलं तर खुशाल जावं, त्यात कमीपणा कसला? आमच्याबरोबर सुरुवात केलेले कितीतरी जण अर्ध्यातून परतले आणि मजेत आहेत.

* * *

फोन: विमान मोडवर, रात्री अंगाजवळ, कारण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. १०,००० एमएएचची पॉवर बँक मला तीन-चार दिवस पुरते. नकाशे आधी उतरवून घ्या, कागदी नकाशाही ठेवा. रेंज नसलेल्या भागात उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घ्यावं. काकांच्या यादीत १०० ग्रॅम वाढतील, वाढू देत.

* * *

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर पूल नसलेल्या नद्या बऱ्याच आहेत, त्यावर थोडं. बर्फ वितळून येणाऱ्या नदीला पहाटे पाणी सर्वांत कमी असतं, आणि दुपारी तीच नदी ओळखू येत नाही. पाऊस पडला असेल तर हा हिशोब रद्द, उतार पडेपर्यंत बसून राहायचं, दोन दिवस गेले तरी. म्हणून त्या टप्प्यात जास्तीचं अन्न नेतो. अरुंद जागा मोहात पाडते पण तिथेच खोली आणि जोर असतो. नदी पसरट झालेली, अनेक धारांत फुटलेली जागा शोधा. बूट पायातच. सॅकचा कंबरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडा, पडलात तर ती झटकन काढता आली पाहिजे. पाणी गढूळ असेल आणि तळाशी दगड गडगडताना ऐकू येत असतील तर उतरूच नका.

* * *

परत आल्यानंतरचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. चालणं एका दिवसात थांबतं, भूक थांबत नाही. तेल ओतून खायची सवय सोडायला मला पुष्कळ वेळ लागला. सकाळी पलंगावरून उतरताना टाचा इतक्या आखडलेल्या असायच्या की भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जायचं. पायाच्या बोटांना मुंग्या यायच्या, त्या काही महिन्यांत कमी झाल्या. वाढत गेल्या किंवा चामडी बधिर राहिली तर डॉक्टरांना दाखवा. मन उगाच उदास असायचं, तेही बऱ्याच जणांना होतं. रोज तासभर चालणं चालू ठेवलं त्याचा फायदा झाला. आणि निघण्यापूर्वी ऑफिससाठी नवे बूट घेऊन ठेवू नका. माझे दोन जोड बहिणीला गेले, तिला ते अगदी बरोबर होतात.