खपली-लायकेनवर केओएचचा थेंब: आधी पिवळा, मग लाल, असं का?

खडकवेडी:
खडकाला खपलीसारखी घट्ट चिकटलेली लायकेन (बुरशी आणि शैवाल यांची एकत्र वस्ती) ओळखायला शिकतेय. एका राखाडी खपलीवर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा (केओएच) थेंब टाकला. डाग आधी पिवळा दिसला, थोड्या वेळाने विटकरी लाल झाला. शेजारची नारिंगी खपली मात्र थेट जांभळट लाल! दोन्हीत द्रव्य एकच आहे का? आणि ते बनवतं कोण, बुरशी की शैवाल?

भिंगधारी:
द्रव्यं वेगळी. नारिंगी खपली कॅलोप्लाका या लायकेनसारखी असेल तर तिच्यात पॅरिएटिन आहे, अँथ्राक्विनोन गटातलं रंगद्रव्य. ते अगदी वरच्या सालीत असतं, त्यामुळे रंग लगेच उमटतो.

राखाडीत बहुधा नॉरस्टिक्टिक आम्ल असावं. पिवळ्याचं लाल होणं ही त्याची खूण, पण सॅलॅझिनिक आम्लही तसंच वागतं, तेव्हा एवढ्यावर नाव ठरवू नका. ब्लेडने पातळ काप काढा, काचपट्टीवर ठेवून कडेने केओएच सोडा आणि मायक्रोस्कोपखाली बघत राहा. नॉरस्टिक्टिक असेल तर लाल सुया उगवू लागतात. इतक्या वर्षांनीही ते बघताना मी हातातलं काम विसरतो.

ही द्रव्यं बनवते बुरशी. शैवाल तिला कर्बोदकं पुरवतं. मला खरी नवलाची वाटते ती साठवणीची जागा. द्रव्य पेशीत न राहता बुरशीच्या तंतूंच्या बाहेरच्या अंगावर स्फटिक होऊन बसतं. म्हणूनच वाळलेलं झँथोरिया पॅरिएटिना (हेही पॅरिएटिनवालं लायकेन) शुद्ध अॅसिटोनने धुतलं, तर पॅरिएटिन निघून जातं आणि लायकेन जिवंत राहतं! नंतर उजेड मिळाला, त्यातही अतिनील-बी किरण, की ते पॅरिएटिन पुन्हा बनवू लागतं. खालच्या शैवालावर येणारा प्रखर निळा प्रकाश अडवायला ते कामी येतं.

खडकवेडी:
सुयांचा प्रयोग नक्की करते. पण सॅलॅझिनिकची शंका पूर्ण कशी फिटेल?

सिलिकापट्टी:
टीएलसी करा, म्हणजे पातळ थराच्या पट्टीवर द्रव्यं वेगळी करा. खपलीचा कण अॅसिटोनमध्ये भिजवून अर्क पट्टीवर लावायचा, शेजारी माहितीतल्या लायकेनचा अर्कही लावायचा. पट्टी द्रावकात चढवून वाळली की १० टक्के सल्फ्युरिक आम्ल फवारून ११० अंशांना तापवा, डाग रंगतात. दोन्ही आम्लं वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. हे वाफा ओढून घेणाऱ्या धुराड्याखालीच (फ्यूम हूड) करा.

ब्लीचची चाचणी (केओएचऐवजी ब्लीचचा थेंब) करणार असाल तर बाटली ताजी हवी. जुन्या ब्लीचने जायरोफोरिक आम्ल या आणखी एका लायकेन-द्रव्याचा लाल रंग येतच नाही, आणि आला तरी क्षणात विरतो, तेव्हा भिंग आधीच डोळ्याला लावून थेंब सोडा.