ताप आला की लगेच सुई?

नीलिमा, बी-४०३: ओवीला शनिवारी ताप होता म्हणून नेहमीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी काही न विचारता कमरेत इंजेक्शन दिलं. आज चौथा दिवस. ताप उतरलाय, पण टोचलं तिथे लिंबाएवढी लालभडक गाठ आलीये, पोरीला बसवत नाही. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, पू झालाय, उद्या चीर द्यावी लागेल. सिरिंज ट्रेमध्ये आधीच भरून ठेवलेली होती हो. पाकीट फोडताना मी पाहिलंच नाही. सारखं तेच डोळ्यांपुढे येतंय.

कुलकर्णी काका, ए-१०२: अरेरे, एवढीशी पोर. पण खरं सांगू का, मला स्वतःला सुईशिवाय बरं वाटत नाही. मीच मागून घेतो. सकाळी टोचली की संध्याकाळी फिरायला तयार.

सुलभाताई, सी-२०१: काका, ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते म्हणून बोलते. त्या सुईत बहुतेकदा डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक असतं, नाहीतर डेक्सा, म्हणजे स्टिरॉइड. दुखणं दबतं, आजार तिथेच. व्हायरल ताप चार-पाच दिवसांत आपला आपण उतरतो आणि नाव सुईचं होतं. त्यात हा पावसाळा. डेंग्यू निघाला आणि प्लेटलेट उतरलेल्या असल्या तर डायक्लोफिनॅकने रक्तस्रावाची भीती वाढते, टोचल्या जागी आत रक्त साकळतं.

समीर, बी-१०१: सिरिंज तर आता एकदा वापरून टाकायच्याच असतात ना, ताई?

सुलभाताई, सी-२०१: असतात. पण काही जण नुसती सुई बदलतात, सिरिंज तीच. रक्ताचा अंश सिरिंजमध्ये ओढला जातो, डोळ्यांना दिसतही नाही. हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तग धरतो. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा भागात अशाच वापरलेल्या सिरिंजमधून ही कावीळ पसरली, कित्येक माणसं गेली. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊला एका भोंदू डॉक्टरच्या सुईतून गावकऱ्यांना एचआयव्ही झाल्याचं उघड झालं. नीलिमा, घाबरू नकोस, पण उद्या डॉक्टरांना भरलेल्या सिरिंजचं नक्की सांग. रक्त तपासायचं का, कधी, ते ठरवतील.

कुलकर्णी काका, ए-१०२: मग डॉक्टरांना म्हणायचं तरी काय? इतक्या वर्षांची ओळख, रागावतील.

सुलभाताई, सी-२०१: "गोळीने भागेल का?" एवढंच विचारा. उलट्या थांबत नसतील, गोळी पोटात ठरत नसेल तर सुई लागते, तेव्हा जरूर घ्या. पण पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा आणि औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून घ्या.

शिंदे वहिनी, ए-३०२: नीलिमा, उद्या धाकट्याला शाळेतून मी आणते. तू ओवीजवळ थांब.