मेट्रोची कामं इतकी का रखडतात? सरकारने नक्की काय करायला हवं?

भाबडा_प्रवासी:
कधीपासून डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. न्यूयॉर्कच्या सेकंड अ‍ॅव्हेन्यू सबवेचा प्लॅन १९२९ चा, आणि त्याचा पहिला टप्पा उघडला २०१७ ला, तोही जेमतेम ३ किलोमीटरचा. तिकडे मॅड्रिडवाल्यांनी १९९५ ते १९९९ मध्ये ५६ किमी मेट्रो करून टाकली. टीबीएम, म्हणजे बोगदा खोदायच्या मशीन, तर कोणालाही विकत मिळतात, मग घोडं अडतं कुठे? जास्त पैसा ओतला, जास्त मशीन लावल्या तर काम पळेल का?

साइटवरचा:
मशीन क्वचितच अडते हो, अडतं ते मशीन उतरवायच्या आधी. मी एका प्रोजेक्टवर होतो, तिथे ड्रॉइंगमध्ये पाण्याची मेन लाईन रस्त्याच्या डाव्या कडेला होती, ट्रायल पिट (तपासणीचा खड्डा) मारला तर डावीकडे नुसती माती, लाईन निघाली बरोबर आमच्या पायलिंगच्या (जमिनीत पायाचे खांब उतरवायच्या) जागी आणि तिला चिकटून एक केबल जिचा मालकच सापडेना. मग सुरू झाली पत्रापत्री, हलवायची कुणी, खर्च कुणाचा, पाणी किती तास बंद ठेवायचं. तोवर पायलिंगची मशीन (रिग) तिथेच उभी, भाडं चालू, ऑपरेटर सावलीत झोपलेला. एडिनबर्गच्या ट्रामचंही बरंचसं असंच झालं, २०११ ला धावायची ती धावली २०१४ ला.

कोपऱ्यातला_बाक:
+१. मॅड्रिडला मेलिस नावाचा इंजिनिअर प्रमुख होता, टीम मोजक्या लोकांची पण निर्णय तिच्याच हातात, फाईल दहा टेबलं फिरत नव्हती. स्टेशनं साधी, एका साच्यातली, आणि टेंडर नुसतं स्वस्त कोण ते बघून दिलं नाही. सगळं कन्सल्टंटवर सोडलं की सरकारी बाजूला ड्रॉइंग वाचणारा माणूसच उरत नाही, मग साध्या बदलालाही कमिटी बसते, असं आपलं माझं मत. त्यात अर्धं काम झाल्यावर कुणा साहेबांना स्टेशनचं गेट पलीकडच्या बाजूला हवं असतं, तो ताप वेगळाच.

उलटतपासणी:
मॅड्रिडची आरती जरा हळू ओवाळा. त्यांचीच ७बी लाईन २००७ ला उघडली, बोगद्यात पाणी शिरत राहिलं, वरच्या घरांना तडे गेले आणि शेवटी बरीच घरं पाडावी लागली. जमिनीच्या तपासणीत वेळ वाचवायचा नसतो. आणि खोदलं की झालं असंही नाही, लंडनच्या क्रॉसरेल या शहराखालून जाणाऱ्या रेल्वेचे बोगदे २०१५ लाच तयार होते, उद्घाटन डिसेंबर २०१८ ला ठरलेलं, पण एकाच ट्रेनला तीन वेगवेगळ्या सिग्नल सिस्टिमवर चालवायचं होतं, ते जुळता जुळता मे २०२२ उजाडला.

भाबडा_प्रवासी:
म्हणजे पैसा ओतायचाच तर खोदायच्या आधी ओता, असं का? आणि त्या बेवारस केबलचं काय झालं हो?

साइटवरचा:
हो, पाणी, केबल अशा लाईन हलवायचं टेंडर मेन टेंडरच्या आधीच वेगळं काढायचं, खर्च प्रोजेक्टने भरून टाकायचा, कुणी किती द्यायचा ते मागाहून भांडा. केबल होय, सात महिन्यांनी कळलं, कधीचीच बंद पडलेली होती.