हर्णैसमोर खुल्या समुद्रात शूट: होडी फिरते, किनारा दिसतो, काय करावं?

बंदरवाट:
लघुपटात इंजिन बंद पडलेल्या छोट्या होडीत दोन भाऊ आहेत, चहूकडे पाणी. चार पानांचा संवाद, सगळा दिवसाउजेडी. जानेवारीत हर्णैहून निघून दोन दिवसांत उरकायचं आहे, कॅमेऱ्यासाठी ट्रॉलर ठरवतोय. किनारा दिसू नये म्हणून किती आत जावं लागेल? आणि शॉट चालू असताना होडी फिरते त्यावर उपाय काय?

मतलई:
फार आत जाऊ नका. कोकणातले डोंगर कितीही आत गेलात तरी बराच वेळ पाठ सोडत नाहीत. दोन-तीन किलोमीटर पुरे, कॅमेरा मात्र कायम पश्चिमेकडे ठेवा. तो पाण्यापासून मीटरभर उंचीवर असेल तर क्षितिज साधारण साडेतीन किलोमीटरवर येतं, दोन मीटरवर पाच. त्यामुळे खाली ठेवलात तर लांबच्या बोटीही अर्ध्या बुडालेल्या दिसतात.

आता वारा. जानेवारीत सकाळी मतलई जमिनीकडून येतो. ट्रॉलर होडीच्या पूर्वेला लावा. वारा तो अडवतो, होडीभोवतीचं पाणी निवतं, ऊन तुमच्या पाठीमागून येतं आणि समोर नुसता समुद्र. दुपारकडे खारा वारा वायव्येकडून सुटला की हे सगळं उलटतं: आडोसा हवा तर किनारा फ्रेममध्ये, किनारा नको तर आडोसा नाही. म्हणून संवाद सात ते अकरा या वेळेतच संपवा.

दोन नांगर:
होडी फिरते कारण नांगर एकच असतो. नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकावर) एक आणि मागे एक असे दोन टाका, नाळ लाटेच्या तोंडाला ठेवून. मागून लाट आली तर होडीत पाणी शिरतं. दोराची लांबी खोलीच्या किमान पाचपट: आठ मीटर पाण्यात चाळीस. प्रत्येक दोराच्या होडीकडच्या टोकाला बोया (तरंगता गोळा) बांधा, म्हणजे घाईत दोर सोडून निघता येतं आणि नांगरही हरवत नाही. ट्रॉलरचाही नांगर हवाच, नाहीतर वाऱ्यावर तो होडीवर येईल. त्याचं इंजिन बंद ठेवा, नाहीतर धूर थेट कलाकारांच्या तोंडावर.

तारखा अष्टमी ते दशमीच्या धरा. तेव्हा भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी; पाण्याची ओढही कमी असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात दोन नांगरही घसरतात.

दुसऱ्या भावाचा क्लोजअप घेताना कॅमेरा नाही, होडी फिरवा. सावल्या जुळत नाहीत, म्हणून ऊन पातळ असताना घ्या. ऊन मऊ करायचं मोठं सिल्क (पांढरं कापड) उभारू नका, वाऱ्यात त्याचं शीड होतं.

खारं पाणी:
होडीतच कॅमेरा असेल तर ट्रायपॉड नको. त्यावर होडी स्थिर राहते आणि क्षितिज हेलकावतं, पाहणाऱ्यालाच बोट लागते. खांद्यावर धरून क्षितिज सपाट ठेवा.

लेन्सवर शिंतोडा उडाला तर कोरड्या कापडाने पुसू नका. मीठ वाळलं की त्याचे कण कोटिंग खरवडतात. गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं कापड आधी, कोरडं नंतर. त्यासाठी वीस लिटर गोडं पाणी वेगळं ठेवा. कॅमेरा समुद्रात पडलाच तर आधी बॅटरी काढा, चालू करून बघू नका.

मॉनिटरकडे बघणाऱ्याला बोट सगळ्यात लवकर लागते. फोकस पुलरला (शॉटमध्ये लेन्सचा फोकस सांभाळणाऱ्याला) गोळी निघण्याआधी तासभर द्या, पण तिने झोप येते का ते आदल्या आठवड्यात तपासा.

होडीखाली लपलप होत राहते, संवाद डबिंगलाच जातील असं धरा. तरी दोन मिनिटं नुसता समुद्र रेकॉर्ड करा.

मतलई:
दोन दिवस कमी पडतील. ‘जॉज’ 1974 मध्ये असाच खुल्या समुद्रावर झाला, 55 दिवसांचं शूट 159 दिवसांवर गेलं. चार पानांना तीन सकाळी आणि एक राखीव धरा. बंदर अधिकारी आणि सागरी पोलीस यांना आधी लेखी कळवा. कलाकार लाइफजॅकेटशिवाय असतील, तेव्हा फ्रेमबाहेर दुसरी होडी आणि पोहणारा माणूस सतत हवा.