रेशीम ‘वर्ज्य’ की नुसतं ‘घेत नाही’?

लेखनिक: एका कथेचा अनुवाद करतेय. नायिका रेशीम विकत घेत नाही, कारण धागा अखंड निघावा म्हणून कोश आतल्या किड्यांसकट उकळतात. मी लिहिलं, ‘तिला रेशीम वर्ज्य होतं.’ संपादकबाईंनी लाल रेघ मारून विचारलंय, ‘चातुर्मास चालू आहे का तिचा?’ काय लिहू?

तिरकमान: बरोबर आहे त्यांचं. वर्ज्य कुणीतरी ठरवून दिलेलं असतं. मालकंसात रिषभ-पंचम वर्ज्य, तिथे गाणाऱ्याच्या मर्जीला कोण विचारतो? ‘बहिष्कार’ लिहा.

शेवंती: एकट्या बाईने बहिष्कार कसा घालायचा? त्याला चारचौघं लागतात.

दामूअण्णा: शिवाय तो मूळचा माणसावरचा. जातीबाहेर टाकायचे तो. मालावर आला स्वदेशीच्या चळवळीत, 1905 साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली त्या सुमारास. इंग्रजीतला ‘बॉयकॉट’सुद्धा आधी माणसावरच. 1880 साली आयर्लंडात कॅप्टन बॉयकॉटच्या शेतावर कुणी कामाला जाईना, दुकानदार माल देईनात. आपल्याकडे सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा करावा लागला. शब्दाचा तो वास अजून गेलेला नाही.

शेवंती: मग ‘सोडलं’ लिहा की. आमची आजी काशीला कारलं सोडून आली. तिला ते कधीच आवडत नव्हतं. आजोबांना फार आवडायचं, त्यांचंही बंद झालं.

लेखनिक: नायिकेने रेशीम कधी घेतलंच नाहीये. सोडायला आधी धरलेलं लागतं ना?

खडीसाखर: ‘ती रेशीम घेत नाही.’ संपलं. उगाच संस्कृत कशाला?

तिरकमान: सपक आहे. ‘घेत नाही’ म्हटलं की मला आधी ग्लास दिसतो.

खडीसाखर: तो तुमचा प्रश्न.

मालवणकर: ‘तिला रेशीम चालत नाही.’ आमच्याकडे सोमवारी मासे चालत नाहीत, तसं.

दामूअण्णा: ते देवाला चालत नाहीत हो, तुम्हाला धावतात! आणि रेशीम तर सोवळ्यालाच चालतं. वडील मुगटा नेसून पूजेला बसायचे. उंच दांडीवर काठीने वाळत घातलेला असायचा, आमचा हात लागला की आरडाओरडा. सुती सोवळं रोज धुवायचं, किडे उकळून काढलेल्याला मात्र सूट.

मालवणकर: मुगटा की मुकटा?

दामूअण्णा: दोन्ही ऐकलंय. पूजेत बोलायचं नाही, मुकाट बसायचं, म्हणून मुकटा, असं आमचे गुरुजी सांगत.

तिरकमान: मग सोवळं नेसून अख्ख्या घरावर ओरडणारे तुमचे वडील काय नेसत होते?