‘आधी वळू, मग कंट्रोलला सांगू’: को-पायलटनं गप्प बसायचं का?

चिकलठाणकर (धागाकर्ता)
नात्यातला एक मुलगा एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट आहे. पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईहून इकडं येताना समोर काळाकुट्ट ढग उभा. कॅप्टन म्हणाले, डावीकडं घेऊ, कंट्रोलला (जमिनीवरून विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्यांना) नंतर सांगू. रेडिओ फ्रिक्वेन्सीवर गर्दी, बोलायला फट मिळेना. पोरगा म्हणाला, "सर, आधी विचारू. बाजूनं कुणी येत असेल." विचारलं, परवानगी मिळाली, वळले. उतरल्यावर कॅप्टननी त्याला झापलं: कॉकपिटमध्ये वाद घालायचा नाही. घरात यावर दोन तट पडलेत, म्हणून इथं टाकतोय.

मी पोराच्या बाजूचा. विमानात शेवटचा शब्द कॅप्टनचा, हे आंतरराष्ट्रीय नियमातच आहे आणि ते योग्यच आहे. पण शेवटचा शब्द त्याचा म्हणजे मधले शब्द कुणी बोलायचेच नाहीत, असं कुठं लिहिलंय?

27 मार्च 1977, स्पेनचं तेनेरिफ बेट. केएलएम या डच कंपनीच्या विमानाच्या कॅप्टननं धुक्यात इंजिनांचा जोर वाढवायचे थ्रॉटल पुढं केले तेव्हा को-पायलटनं अडवलं, अजून क्लिअरन्स (कंट्रोलची परवानगी) नाही म्हणाला. कॅप्टन थांबला. मग फक्त पुढच्या मार्गाचा क्लिअरन्स आला, उड्डाणाचा नाहीच, आणि कॅप्टन निघाला. या वेळी को-पायलट गप्प. मागून फ्लाइट इंजिनिअरनं विचारलं, ते पॅन अॅमचं विमान अजून धावपट्टीवर तर नाही ना? कॅप्टननं ठासून उत्तर दिलं आणि विषय संपला. दोन्ही विमानं धावपट्टीवर धडकली, 583 माणसं गेली. एकदा टोकलेल्या माणसाला दुसऱ्यांदा टोकायचा धीर होत नाही, मला भीती त्याची आहे. त्या पोरानं झापणी खाल्ली. पुढच्या वेळी तो बोलेल का?

बीडबायपास
धीर वगैरे ठीक आहे, पण जरा हिशेब करा. ताशी 600 किलोमीटर म्हणजे अर्ध्या मिनिटात 5 किलोमीटर. समोर गारांचा ढग असताना फ्रिक्वेन्सी मोकळी व्हायची वाट बघायची? आणि जमिनीवरचा माणूस नेहमी बरोबर असतो हे कुणी सांगितलं? 1 जुलै 2002, जर्मनीत उबरलिंगेन. रशियन विमानातलं टीकॅस, म्हणजे टक्कर टाळायला वर-खाली जायला सांगणारं यंत्र, सांगतंय वर जा, कंट्रोलर सांगतोय खाली जा. को-पायलट म्हणालासुद्धा, हे तर वर जा म्हणतंय. पण कंट्रोलरचं ऐकलं. दुसरं, मालवाहू विमान आपल्या टीकॅसप्रमाणं खाली येतच होतं. दोन्ही धडकली, 71 मेले. तेव्हा ‘विचारा, विचारा’ हा मंत्र सगळीकडं लावू नका.

निवृत्त_टॉवर
मी आयुष्यभर हेडसेटच्या दुसऱ्या बाजूला बसलो, म्हणून दोन शब्द.

उबरलिंगेनचं उदाहरण खरं, पण ते इथं बसत नाही. टीकॅसनं वर-खाली जायचा आदेश दिला तर कंट्रोलरचं ऐकायचंच नाही. पाळा आणि मग सांगा. हा नियम त्यानंतर अगदी निःसंदिग्ध झाला. ढगाचं तसं नाही. ढग रडारवर आधी दिसतो, मागणी आधी करता येते. फट मिळत नसेल तर ‘पॅन-पॅन’ हा तातडीचा इशारा द्या, सगळे गप्प बसतात. तेही शक्य नसेल आणि जिवावर बेतलं असेल तर वळा, आणि वळता वळता सांगा. नियमात तेवढी जागा ठेवलेलीच आहे. आम्ही दिलेली सूचना जमणार नसेल तर ‘अनेबल’ एवढा एक शब्द पुरतो. त्यात आमचा अपमान नसतो.

पण न सांगता जागा सोडली तर काय होतं ते 12 नोव्हेंबर 1996 ला हरियाणातल्या चरखी दादरीवर दिसलं. कझाक विमानाला 15,000 फुटांवर थांबायचं होतं, ते त्याखाली उतरलं. 14,000 वर सौदी विमान समोरून येत होतं. टक्कर झाली, 349 मेले. पडद्यावर आम्हाला ठिपका दिसतो, वैमानिकाच्या मनातला बेत दिसत नाही.

लालपरीवाला
आमच्या यष्टीत कंडक्टर डबल बेल देत नाही तोवर गाडी हलत नसती. ड्रायव्हर कितीबी सिनियर असू द्या. मागं कोण चढायलंय ते त्याला दिसत नाही म्हणून. यात कुणाचा मान गेला? तुम्ही उगं कशाला एवढं ताणायलात.

नांदेडी
डबल बेल मिळूनही अपघात होतो, हे चिकलठाण्याच्या माणसाला मी सांगायला नको. 26 एप्रिल 1993, औरंगाबादचा चिकलठाणा विमानतळ, इंडियन एअरलाइन्सचं 491. विमान उडालं आणि धावपट्टीच्या टोकाशी बीड रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं. 55 जण गेले. चौकशीत वैमानिकानं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचलल्याचं निघालं, आणि विमानांच्या वेळेत त्या रस्त्यावरची वाहतूक न थांबवल्याबद्दल विमानतळ प्राधिकरणालाही जबाबदार धरलं. वरचा नियम पाळला जातो, जमिनीवरचा कुणी पाळायचा?

चिकलठाणकर
नांदेडी, मान्य. पण ते दुसरं दुखणं, त्याचा वेगळा धागा काढा, मी येतो.

बीडबायपास, तुम्हाला मंगळूरचा अपघात सांगतो. 22 मे 2010. विमान जितकं उंच असायला हवं त्याच्या दुपटीच्या आसपास उंच होतं. टॉवरनं विचारलं, मार्गावर नीट बसलात का? अहवालात आहे की कॅप्टननं दटावून को-पायलटकडून ‘हो’ वदवून घेतलं. त्या ‘हो’वर टॉवरनं उतरायची परवानगी दिली. पुढं को-पायलटनं गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) म्हटलं, तरी कॅप्टन उतरलाच. 158 गेले. म्हणजे टॉवरला जो आवाज ऐकू गेला तो को-पायलटचा, पण मत कॅप्टनचं. निवृत्त_टॉवर, तुमच्या बाजूनं हे कळणार कसं?

निवृत्त_टॉवर
कळत नाही. म्हणूनच गो-अराउंड दोघांपैकी कुणीही म्हटलं की तो करायचाच, चर्चा जमिनीवर, अशी पद्धत आता बऱ्याच कंपन्यांत आहे. माझं म्हणणं, ‘क्लिअरन्स नाही’ या वाक्यालाही तोच दर्जा द्या.

बीडबायपास
दर्जा द्या, माझी हरकत नाही. पण मग को-पायलटनंही ‘बाजूनं कुणी येत असेल’ असं पुटपुटू नये. ‘क्लिअरन्स नाही, थांबा’ असं स्वच्छ म्हणावं, आणि उतरल्यावर लेखी नोंद करावी. कंपनी त्या नोंदीचं काय करते ते मग बघू. कॅप्टनशी जमत नाही म्हणून पोराची ड्युटी बदलली, तर तुमचे सगळे नियम कागदावरच. तुमच्या त्या मुलानं नोंद केली का?

चिकलठाणकर
नाही केली. अजून लाइनवर, म्हणजे नेहमीच्या प्रवासी उड्डाणांवर, नवीन आहे, म्हणतो.