जन्मपूर्व, प्रसवपूर्व की नुसतं 'पोटातलं'?

शाईचा डाग: एक लेख मराठीत आणतेय. बाळ पोटात असताना मिळालेल्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचा ठसा शरीरावर आणि काही अंशी वागण्यावरही उमटतो, असा विषय. १९५९ चा गिनीपिगांवरचा प्रयोग आहे: गाभण माद्यांना टेस्टोस्टेरॉन टोचलं, तर त्यांच्या मादी पिल्लांचं मोठेपणीचं लैंगिक वागणं नरासारखं झालं. मी 'जन्मपूर्व संप्रेरके' लिहिलं. सासूबाई म्हणाल्या, "मागच्या जन्मीची का गं?" 'प्रसूतिपूर्व' म्हटलं की आईची तपासणी आठवते. काय लिहू?

गावकूस: प्रसवपूर्व. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याच्या नावातच आहे, सोनोग्राफीवाल्यांच्या भिंतीवर रोज दिसतं.

मिरचीभजी: ते नाव शेवटपर्यंत वाचलेला माणूस दाखवा. आणि 'संप्रेरक' कशाला? डॉक्टर 'हार्मोन्सची टेस्ट करा' म्हणतात.

दौतटाक: स्टार्लिंग या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९०५ साली 'हार्मोन' वापरात आणला तो 'चेतवणे' अशा अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. 'संप्रेरक' त्याला चपखल बसतो.

मिरचीभजी: बसू दे. माझ्या आईला थायरॉइड आहे, अवटु ग्रंथी नाही.

शाईचा डाग: पुढे बोटांचंही आहे. पुरुषांत तर्जनीच्या मानाने अनामिका सरासरीने जरा जास्त लांब असते, त्याचा संबंध गर्भातल्या टेस्टोस्टेरॉनशी लावतात. 'अनामिका' कळेल ना?

दौतटाक: न कळायला काय झालं! करंगळीवर कालिदास मोजला, पुढच्या बोटाला तोडीचा कवीच मिळेना, म्हणून अनामिका.

गावकूस: ते मागाहून रचलेलं. आमची आजी 'करंगळीशेजारचं' म्हणायची. आणि ताई, एकट्याचा हात बघून यातलं काही ठरत नाही हे ठळक लिहा, नाहीतर लोक पंजे पसरून बसतील.

मिरचीभजी: बसलोय. तर्जनीच लांब निघाली. बायकोला सांगितलेलं नाही.

दावण: गोठ्यात या. गाईला खोंड-कालवड जुळं झालं की ती कालवड वडील ठेवत नसत. दोघांच्या वारेतलं रक्त एकमेकांत मिसळतं, खोंडाकडची संप्रेरकं कालवडीत जातात, दहातल्या नऊ गाभण राहत नाहीत. इंग्रजीत तिला 'फ्रीमार्टिन' असा वेगळा शब्द आहे. वडील 'भाकड' म्हणायचे.

गावकूस: भाकड म्हणजे आटलेली. पुन्हा व्याली की दूध देते. ही वांझ.

शाईचा डाग: वांझ नको. बायकांना लावून लावून नासलाय तो शब्द.

दावण: कालवडीला कुठे कळतंय?

शाईचा डाग: मला कळतं ना! बरं, 'प्रसवपूर्व'च ठेवू का? लेख उद्या द्यायचाय.

दौतटाक: 'भाकडकथा' मधला भाकड हाच का हो?

दावण: हाच. दूध नाही, नुसतं रवंथ.

गावकूस: छे, काहीही.